मसाई उजिरी आणि टोरांटो रॅप्टर्स: बारा सीझनच्या संघबांधणीचा हिशोब

ओंटारिओकर :

ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी, २७ जून २०२५ला, टोरांटो रॅप्टर्सने संघाचा अध्यक्ष मसाई उजिरीला नारळ दिला. करारात अजून एक वर्ष बाकी होतं. नवव्या क्रमांकावर कॉलिन मरे-बॉइल्सची निवडही त्याच्याच हातून झाली होती. इथे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणारे बरेच जण आहेत, काही माझ्यासारखे टोरांटोच्या आसपास राहणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतोय. गेले काही दिवस जिथे बघावं तिथे दोनच सूर ऐकतोय. एक म्हणजे '२०१९चा कप आणला, विषय संपला' आणि दुसरा म्हणजे 'कवाय लेनर्ड मिळाला नसता तर मसाईला कोणी विचारलं नसतं'. दोन्ही मला पटत नाहीत. त्याने संघ कसा उभा केला आणि कसा हातचा घालवला, ते एकेक व्यवहार समोर ठेवून बघूया.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मसाईची दोन कसबं होती. दुसऱ्यांनी आशा सोडलेल्या ठिकाणाहून तो काहीतरी काढायचा. आणि आपल्याकडच्या खेळाडूचा भाव उतरायच्या आत तो सौदा करायचा. २०१९पर्यंत त्याने दोन्ही केलं. त्यानंतर पहिलं थोडंफार चालू राहिलं, दुसरं जवळजवळ बंद पडलं. २०२३-२४ला २५-५७ (विजय-पराभव) आणि २०२४-२५ला ३०-५२ हे आकडे त्यातून आले आहेत.

सुरुवात बार्न्यानीपासून. आंद्रेया बार्न्यानी म्हणजे २००६च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. २०१३ उजाडेपर्यंत घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते आणि त्याच्या पगाराचं ओझं कोणी उचलेल असं कुणालाही वाटत नव्हतं. मसाई मे २०१३च्या शेवटी डेन्व्हरहून आला, त्या वर्षीचा 'एक्झिक्युटिव्ह ऑफ द इयर' पुरस्कार खिशात घालून. तो मिळवणारा अमेरिकेबाहेरचा पहिलाच माणूस. आल्या आल्या त्याने बार्न्यानीला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवलं आणि बदल्यात तीन खेळाडूंबरोबर २०१६चा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये निवड करण्याचा हक्क) आणि दुसऱ्या फेरीचे दोन पिक घेतले. जो खेळाडू फुकट द्यायलाही लोक तयार होते, त्याच्यासाठी पहिल्या फेरीचा पिक!

आता त्या पिकचं पुढे काय झालं बघा. २०१६ला त्यावर नवव्या क्रमांकावर याकोब पर्टल आला. दोन वर्षं राखीव फळीत घडला. जुलै २०१८मध्ये डिमार डरोझनबरोबर सॅन अँटोनियोला गेला आणि इकडे आले कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन. म्हणजे ज्या सौद्याला सगळे 'एका दिवसाचं नशीब' म्हणतात, त्यातला एक मोहरा पाच वर्षांपूर्वीच्या बार्न्यानीच्या व्यवहारातून आलेला होता.

दुसरी साखळी मला याहून जास्त आवडते. डिसेंबर २०१३मध्ये संघ ६-१२ असा रखडत होता. मसाईने संघातला सगळ्यात महागडा खेळाडू रूडी गे सॅक्रामेंटोला दिला आणि चार साधे, कामाचे खेळाडू घेतले: पॅट्रिक पॅटरसन, ग्रेविस वास्केझ, जॉन सॅमन्स, चक हेज. सगळ्यांना वाटलं आता मुद्दाम हरून वरचा पिक मिळवणार. झालं उलटंच, संघाने ४८ सामने जिंकून डिव्हिजन खिशात घातलं. पुढे जून २०१५मध्ये वास्केझला मिलवॉकीकडे देऊन मसाईने ४६व्या क्रमांकाचा नॉर्मन पॉवेल आणि वर पहिल्या फेरीचा एक पिक मिळवला. त्यामुळे २०१७ला टोरांटोच्या हातात पहिल्या फेरीचे दोन पिक होते. त्यातला खालचा पिक टेरेन्स रॉसबरोबर ऑर्लँडोला देऊन सर्ज इबाका आणला, आणि वरच्या, २३व्या पिकवर ओजी अनुनोबी घेतला. पॉवेलने तर २०१७ आणि २०१९ या दोन्ही प्लेऑफमध्ये (सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत) मिलवॉकीलाच सतावलं. एका राखीव पॉइंट गार्डमधून एवढं निघालं.

१३ जून २०१९ला जो संघ चॅम्पियन झाला, त्यात लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टच्या पहिल्या १४ क्रमांकांत निवडलेला एकही खेळाडू नव्हता. कवाय १५वा, लाउरी आणि इबाका २४वे, सियाकम २७वा, ग्रीन आणि पॉवेल ४६वे, गसोल ४८वा, आणि फ्रेड व्हॅनव्लीटला तर कुणी निवडलंच नव्हतं. लॉटरी १९८५ला सुरू झाल्यापासून असा चॅम्पियन झाला नव्हता. याला नुसतं नशीब म्हणणं मला तरी जमत नाही.

घसरणीबद्दल खाली सविस्तर लिहितो. आधी तुमचं ऐकू दे.

शिरीष_कोथरूड :

उत्तम धागा. अंतिम सामना इथे पुण्यात सकाळी साडेसहाला लागला होता, ऑफिसला उशिरा गेलो पण पूर्ण पाहिला.

एका माणसाला मात्र त्याचं श्रेय द्या: ब्रायन कोलँजेलो. डरोझन त्याने २००९ला नवव्या क्रमांकावर घेतला. योनास व्हालान्च्युनास २०११चा पाचवा, रॉस २०१२चा आठवा, दोघेही त्याचेच. काइल लाउरीला २०१२मध्ये ह्यूस्टनकडून त्यानेच आणलं. ड्वेन केसीला प्रशिक्षक त्यानेच नेमलं. आता मसाईचे तीन मोठे सौदे बघा: डरोझन देऊन कवाय, व्हालान्च्युनास देऊन गसोल, रॉस देऊन इबाका. तिन्हींत चलन कोलँजेलोचं होतं.

आणि लाउरीचा किस्सा विसरू नका. रूडी गे याला पाठवल्यावर लाउरीही निक्सकडे जवळजवळ गेलाच होता. निक्सचे मालक डोलन यांनी ऐन वेळी पाय मागे घेतला, अशी तेव्हाची सगळीकडची बातमी. तो सौदा झाला असता तर आज आपण हा धागा वाचत नसतो.

ओंटारिओकर :

शिरीष, कोलँजेलोबद्दल शंभर टक्के सहमत. लाउरीबद्दलही. पण त्यानंतर मसाईने काय केलं ते बघ. त्याच लाउरीला २०१४ला चार वर्षांसाठी ४ कोटी ८० लाख डॉलरवर थांबवलं, आणि तो टोरांटोच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू ठरला. जो सौदा होऊ शकला नाही त्याचं दुःख करत न बसता, हातात राहिलेल्या माणसावर पूर्ण विश्वास टाकणं सगळ्यांना जमत नाही.

चलन कोलँजेलोचं होतं हे खरं. पण तेच चलन कोलँजेलोच्या हातात असताना संघ सलग पाच वर्षं प्लेऑफबाहेर होता.

मुक्ता_व :

मी अलीकडेच बघायला लागले आहे. 'प्रोटेक्टेड पिक' म्हणजे नेमकं काय? सगळीकडे वाचते, कुणी नीट सांगत नाही.

कऱ्हाडचा_सेंटर :

मुक्ताताई, उजिरीच्याच व्यवहारातलं उदाहरण देतो, म्हणजे विषयाला धरून होईल.

फेब्रुवारी २०२३मध्ये रॅप्टर्सने पर्टलला सॅन अँटोनियोकडून परत आणलं. हो, तोच पर्टल. बदल्यात खेम बर्च, दुसऱ्या फेरीचे दोन पिक आणि २०२४चा पहिल्या फेरीचा पिक दिला. त्या पिकला 'पहिल्या सहाचं संरक्षण' होतं. म्हणजे पिक एक ते सहा यांत पडला तर टोरांटोने ठेवायचा, सातवा किंवा त्याच्या पुढचा पडला तर सॅन अँटोनियोला जायचा. कमकुवत संघ खूप वरचा पिक गमावून बसू नये म्हणून ही अट घालतात.

२०२३-२४च्या शेवटी टोरांटो तळापासून सहाव्या जागेवर होता. लॉटरीत, म्हणजे वरच्या पिकांच्या सोडतीत, क्रमांक जागच्या जागी राहिला असता तर पिक वाचला असता. तो आठव्यावर घसरला आणि गेला. आपणच २०१८ला दिलेला खेळाडू परत घेण्यासाठी आठव्या क्रमांकाचा पिक. तोही अशा संघासाठी, जो वर्षभरात मोडावा लागला.

मुक्ता_व :

आता समजलं. धन्यवाद! आणि चूक नेमकी कुठे झाली तेही समजलं.

नागपूरचा_गार्ड :

धागाकर्त्यांचं लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. 'भाव', 'चलन', 'मोहरा'. ही माणसं आहेत हो.

डरोझन नऊ वर्षं टोरांटोसाठी खेळला. मोठमोठे खेळाडू संधी मिळताच हे शहर सोडून गेले होते, त्या काळात तो थांबला. २०१६ला फ्री एजंट (करार संपून मोकळा) झाला तेव्हा दुसऱ्या संघांच्या दारातही न जाता पाच वर्षांचा करार केला. फेब्रुवारी २०१८मध्ये नैराश्याबद्दल उघडपणे बोलला, आणि त्यामुळे लीगमधल्या कितीतरी जणांना तोंड उघडायचं बळ मिळालं. आणि जुलैमध्ये त्याची रवानगी. त्याचं म्हणणं होतं की त्याला 'तुला कुठेही पाठवत नाही' असं सांगण्यात आलं होतं. मसाईने नंतर जाहीरपणे माफी मागितली, बोलण्यात अंतर राहिलं असं म्हटलं. केसीचंही तसंच. ५९ सामने जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला मे महिन्यात काढलं, आणि जूनमध्ये त्यालाच 'कोच ऑफ द इयर' मिळालं!

कप आला याचा आनंद मलाही आहे. पण वारसा मोजायचा तर हेही त्यात धरा.

देवयानी_मिसिसागा :

नागपूरचा_गार्ड, तुमची तळमळ समजते. मी डरोझनची जर्सी अजून ठेवली आहे. पण मसाईने माणसं घडवली, ती बाजूही सांगायला हवी, आणि ती मी फार जवळून बघितली आहे.

रॅप्टर्स ९०५ हा त्यांचा डेव्हलपमेंट लीगचा संघ २०१५ला आमच्या मिसिसागामध्ये सुरू झाला. तिकीट परवडणारं, पार्किंग सोपं, आणि खेळाडू इतके जवळ की बुटांचा आवाज ऐकू यायचा. मुलांना घेऊन आम्ही जायचो. २०१६-१७ला सियाकम तिथे खेळत होता. मुख्य संघात सुरुवातीला त्याला पाचांत घेतलं होतं, मग जागा गेली आणि त्याला खाली पाठवलं. दुसरा एखादा रुसला असता. हा पठ्ठ्या बॉल रिबाउंड करून स्वतःच पळत सुटायचा, शेवटपर्यंत. त्या वर्षी ९०५ चॅम्पियन झाले आणि फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दोनच वर्षांनी एनबीए फायनलच्या पहिल्या सामन्यात त्याने गोल्डन स्टेटविरुद्ध ३२ गुण केले. व्हॅनव्लीट, पॉवेल यांनीही त्याच कोर्टवर घाम गाळला आहे.

कॅमेरूनचा मुलगा, बास्केटबॉल हातात घेतला तो उशिरा, 'बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स'च्या आफ्रिकेतल्या शिबिरातून पुढे आला. नायजेरियात वाढलेल्या आणि २००३पासून 'जायंट्स ऑफ आफ्रिका' ही मुलांसाठीची बास्केटबॉल संस्था चालवणाऱ्या माणसाला त्याच्यात काय दिसलं असेल ते मला सांगायची गरज नाही. २७व्या क्रमांकावर सियाकम घेतला तेव्हा अमेरिकी समालोचकांना त्याचं नाव नीट घेता येत नव्हतं.

अशी शाळा उभी करणं हे माझ्या मते कवायच्या सौद्याहून मोठं काम आहे.

शिरीष_कोथरूड :

+१. २०१७-१८ची ती राखीव फळी आठवते? व्हॅनव्लीट, डेलॉन राइट, माइल्स, सियाकम, पर्टल. समोरच्यांची मुख्य पाच माणसं परत कोर्टवर येईपर्यंत सामना हातातून गेलेला असायचा.

ओंटारिओकर :

देवयानी, प्रतिसाद फार आवडला. ब्रुनो काबोक्लोचीही आठवण झाली. २०१४ला २०व्या क्रमांकावर ब्राझीलचा हा पोरगा घेतला तेव्हा सगळे चक्रावले होते, आणि तो काही जमला नाही. पण त्याच डोळ्यांनी दोन वर्षांनी सियाकम हेरला. पहिल्याला घाबरला असता तर दुसरा मिळाला नसता.

आता घसरणीकडे येतो. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

कवाय २०१९च्या जुलैत क्लिपर्सकडे गेला. त्याचा दोष मसाईवर नाही, ती जोखीम माहीत असूनच घेतली होती. कवायविना पुढच्या सीझनला ५३-१९, बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत लढत. संघ किती पक्का बांधलेला होता ते त्या वर्षी दिसलं. पण नोव्हेंबर २०२०मध्ये गसोल आणि इबाका दोघेही गेले आणि सेंटरची जागा ओस पडली. तेव्हा सगळीकडे एकच चर्चा होती, २०२१च्या उन्हाळ्यासाठी पगाराच्या मर्यादेत जागा मोकळी ठेवायची, मिलवॉकीच्या यानिस आंतेतोकुंपोसाठी. यानिसने त्या डिसेंबरमध्ये मिलवॉकीबरोबरच पाच वर्षांचा करार केला. कोविडमुळे टॅम्पाला जाऊन खेळलेला तो सीझन २७-४५ असा संपला.

त्यातून स्कॉटी बार्न्स मिळाला हे मान्य. लॉटरीत सातव्या जागेवरून चौथ्यावर उडी बसली आणि सगळे जेलन सग्ज म्हणत असताना मसाईने बार्न्सला उचललं. पुढच्याच वर्षी तो 'रूकी ऑफ द इयर' झाला. त्या रात्रीचा निर्णय धाडसी होता आणि बरोबर होता.

पण बार्न्स २० वर्षांचा, आणि सियाकम, व्हॅनव्लीट त्याच्याहून सात वर्षांनी मोठे. एकाच संघात दोन वेळापत्रकं. २०१३चा मसाई असता तर त्याने एक निवडलं असतं. या मसाईने दोन्ही धरून ठेवली. २०२२ला ४८ विजय मिळाले आणि त्या ४८ने सगळ्यांना भुलवलं. सहा फूट नऊ इंचांची एकसारखी माणसं गोळा करायची, कुणीही कुणालाही अडवेल, ही कल्पना बचावाला छान होती. पण त्यात बास्केटमध्ये बॉल घालणारं फारसं कुणी नव्हतं.

आणि फेब्रुवारी २०२३. व्हॅनव्लीट काही महिन्यांत फ्री एजंट होणार होता. सियाकम आणि अनुनोबीचे करारही संपत आलेले. ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत जवळ आली तेव्हा अख्खी लीग टोरांटोकडे बघत होती. विकायची वेळ होती. मसाईने पर्टल विकत घेतला.

कऱ्हाडचा_सेंटर :

आणि दोन महिन्यांनी १२ एप्रिलचा तो प्ले-इन (प्लेऑफसाठीचा पात्रता सामना), शिकागोविरुद्ध, घरच्या मैदानावर.

मला तो सामना अजून छळतो. १९ गुणांची आघाडी. फ्री थ्रो ३६ मिळाले, त्यातले १८ घातले. अर्धे! समोरच्या संघात कोण, तर डरोझन. त्याची छोटी मुलगी प्रेक्षकांत बसून प्रत्येक फ्री थ्रोला जिवाच्या आकांताने किंचाळत होती. १०९-१०५ने हरलो.

दोन वर्षांपूर्वी टॅम्पाचा सीझन संपल्यावर मसाईनेच विचारलं होतं, प्ले-इन कशासाठी? आम्हाला चॅम्पियनशिप हवी आहे. आणि त्याच माणसाने पहिल्या फेरीचा पिक देऊन संघ प्ले-इनपर्यंत आणला. नंतर प्रशिक्षक निक नर्सला काढलं. मसाई म्हणाला की हा संघ स्वार्थी खेळला, बघायला मजा आली नाही. मजा आम्हालाही आली नाही, पण संघ त्यानेच बांधला होता ना?

जुलैत व्हॅनव्लीट ह्यूस्टनला गेला, तीन वर्षांचा जवळपास १३ कोटी डॉलरचा करार घेऊन. टोरांटोला बदल्यात काहीही नाही. एक दुसऱ्या फेरीचा पिकसुद्धा नाही.

ओंटारिओकर :

हो. आणि वर मी ज्या साखळीचं कौतुक केलं, तीही संपवून टाकतो. पॉवेलला मार्च २०२१मध्ये पोर्टलँडला देऊन गॅरी ट्रेंट ज्युनियर घेतला. तोही २०२४च्या उन्हाळ्यात करार संपल्यावर निघून गेला. रूडी गे ते वास्केझ ते पॉवेल ते ट्रेंट, दहा वर्षांचा प्रवास, आणि शेवटी हात रिकामा. लाउरीचा ट्रेडसुद्धा २०२१च्या मार्चमध्ये होऊ शकला असता. उन्हाळ्यात मायामीकडून मिळाला तो गोरान ड्रागिच, ज्याला टोरांटोत राहायचं नव्हतं, आणि प्रेशस अचिउवा.

आधीचा मसाई अशी गळती होऊ देत नव्हता.

नागपूरचा_गार्ड :

मला तर उलट वाटतं. डरोझनच्या वेळी जे झालं ते त्याच्या मनाला लागलं असावं. ज्या पोरांनी चॅम्पियनशिप जिंकून दिली, ज्यांना त्याने ९०५पासून वाढवलं, त्यांना पुन्हा तसं फेकायचं नाही असं त्याने ठरवलं असेल. मला तो शेवटच्या वर्षांतला मसाई जास्त जवळचा वाटतो.

ओंटारिओकर :

असेलही. त्याच्या मनात काय होतं ते तोच जाणे. पण त्याचा परिणाम खेळाडूंवर काय झाला ते बघा. अनुनोबीचं आणि सियाकमचं नाव दीड-दोन वर्षं रोज ट्रेडच्या बातम्यांत. प्रत्येक पत्रकार परिषदेत तोच प्रश्न. सियाकमला नवा करारही दिला नाही आणि सोडलंही नाही. डरोझनला एका दिवसात धक्का बसला, सियाकमला दोन हंगाम टांगून ठेवलं. यातलं माणुसकीचं कोणतं, मला खरंच ठरवता येत नाही.

देवयानी_मिसिसागा :

हे मात्र अगदी खरं. सियाकमचे शेवटचे महिने बघवत नव्हते.

शिरीष_कोथरूड :

शेवटी विकले तेव्हा काय मिळालं ते मांडतो.

३० डिसेंबर २०२३: अनुनोबी, अचिउवा आणि मलाकाय फ्लिन निक्सला. आले आरजे बॅरेट, इमॅन्युएल क्विकली आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक.

१७ जानेवारी २०२४: सियाकम इंडियानाला. आले ब्रूस ब्राउन, आणखी दोन खेळाडू आणि पहिल्या फेरीचे तीन पिक. त्यातल्या एकावर २०२४ला १९वा जाकोबी वॉल्टर घेतला. दुसरा केली ऑलिनिक आणि ओचाय अग्बाजी आणण्यात गेला. तिसरा पिक, ब्राउन आणि ऑलिनिक हे सगळं २०२५च्या फेब्रुवारीत ब्रँडन इंग्रमसाठी न्यू ऑर्लीन्सला दिलं. म्हणजे सियाकमच्या बदल्यात हातात उरले इंग्रम, वॉल्टर, अग्बाजी. इंग्रमशी लगेच तीन वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार.

आणि २०२५च्या मे महिन्यात पूर्व विभागाची फायनल कोणात? इंडियाना आणि निक्स. एकीकडे सियाकम, दुसरीकडे अनुनोबी. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू सियाकम. टोरांटोत बसून ते बघणाऱ्यांचं काय झालं असेल?

देवयानी_मिसिसागा :

आनंदही झाला आणि पोटात कालवाकालवही. घरात सगळे इंडियानाच्या बाजूने होतो.

मसाईला काढण्यात मालकांचा हात किती, यावर कुणी बोललं नाही अजून. रॅप्टर्सच्या मालक कंपनीतला बेलचा ३७.५ टक्के हिस्सा रॉजर्सने घेतल्याची घोषणा सप्टेंबर २०२४मध्ये झाली, आणि तो व्यवहार १ जुलै २०२५ला पूर्ण झाला. मसाईला चार दिवस आधी काढलं. एडवर्ड रॉजर्स यांचा मसाईच्या २०२१च्या नव्या करारालाच विरोध होता, असं तेव्हा इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. मग बास्केटबॉलची कारणं किती आणि वहीखात्याची किती?

ओंटारिओकर :

मालकी बदलली नसती तर कदाचित करार पूर्ण झाला असता, एवढं मी मानतो. पण सलग तीन वर्षं प्लेऑफ नाही, आणि हातात महागडे करार असलेला मधल्या दर्जाचा संघ, यामुळे मालकांना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. जनरल मॅनेजर बॉबी वेबस्टरला मात्र ठेवलं. तो २०१३पासून मसाईबरोबर होता, म्हणजे व्यवहाराची पद्धत तीच राहील, फक्त शेवटचा शब्द दुसऱ्याचा.

माझी खरी काळजी क्विकलीबद्दल आहे. पाच वर्षांचा, १७ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत जाणारा करार. चांगला शूटर आहे, पण दुखापतींमुळे २०२४-२५ला ३३च सामने खेळला. व्हॅनव्लीट फुकट गेल्याची भीती या आकड्यात मला दिसते. एकदा हात पोळला की माणूस जास्त पैसे मोजतो.

मुक्ता_व :

मग बेरीज-वजाबाकी करून तुम्ही त्याला कुठे ठेवाल? आणि २०१८चा सौदा तुम्ही असता तर केला असता का? कवाय एकच वर्ष राहणार हे माहीत असूनही?

नागपूरचा_गार्ड :

मी नसता केला. प्रामाणिकपणे सांगतो.

ओंटारिओकर :

मी केला असता, आणि पुन्हा केला असता.

कारण सांगतो. २०१६, २०१७, २०१८ अशी तीन वर्षं लेब्रॉनच्या क्लीव्हलंडने बाहेर काढलं. शेवटच्या दोन वेळा तर ४-०. तो संघ त्याहून वर जाणार नव्हता हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, डरोझनवर प्रेम असूनही. कवाय २०१८-१९ला फक्त ६० सामने खेळला, मसाईने त्याला हवी तितकी विश्रांती दिली, वैद्यकीय पथकाला मोकळा हात दिला, आणि फेब्रुवारीत व्हालान्च्युनास देऊन गसोल आणून शेवटचा खिळा ठोकला. फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात कवायचा तो बॉल रिंगवर चार वेळा उडाला हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच मालिकेत गसोलने एंबीडला कसं जखडून ठेवलं होतं ते पुन्हा बघा. व्हालान्च्युनास असता तर तो सामना शेवटच्या बॉलपर्यंत आलाच नसता.

मुक्ता, कुठे ठेवाल या प्रश्नाला माझं उत्तर: २०१३ ते २०१९ची संघबांधणी मी या लीगमधल्या सर्वोत्तम कामांत धरतो, कारण एकदाही तळाला न जाता, विजेत्या संघात एकही लॉटरीचा खेळाडू नसताना ते काम उभं राहिलं. २०२० ते २०२५चं काम मी नापास करतो. यानिसची वाट बघणं एकवेळ समजू शकतो, पण २०२३चा फेब्रुवारी नाही. बार्न्स आणि वॉल्टर पुढे काय करतात त्यावर नापासचे गुण थोडे वर-खाली होतील, इतकंच. मरे-बॉइल्सलाही त्यात धरा, तो मसाईचा पहिल्या फेरीतला शेवटचा पिक आहे, आणि बचावात त्याचे हात ज्या वेगाने चालतात ते बघून मला तरी आशा वाटते.

कऱ्हाडचा_सेंटर :

मरे-बॉइल्सला सहा फूट सात इंच उंचीवर सेंटर खेळवणार का, हा माझा प्रश्न आहे. पर्टल असताना त्याची जागा नेमकी कुठे? कुणी साउथ कॅरोलायनाचे सामने पाहिले असतील तर लिहा.